चौदा इंचांचा हट्ट

"जरा डावीकडे... अजून थोडं... हं, बास. आता हलू नकोस."

नबुकीराच्या ओठांत दोन स्क्रू धरलेले होते, त्यामुळे शब्द जेमतेम बाहेर पडत होते. कंपालाच्या विल्यम स्ट्रीटवरच्या आर्केडमधल्या तिच्या दुरुस्तीच्या गाळ्यातली वीज गेली होती, समोर कुणाचा तरी लॅपटॉप पोट उघडून पडला होता, आणि मागून कुणीतरी मोबाइलचा उजेड धरला होता. शेजारच्या गाळ्यातली चहावाली असणार, असं समजून ती चांगली पंधरा मिनिटं हुकूम सोडत राहिली.

शेवटचा स्क्रू बसला. तिनं मान वर केली – आणि उजेडामागे एक उंच, अनोळखी तरुण! शर्ट खांद्यांवर पावसानं भिजलेला, हात अवघडलेला, चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा गंभीर.

"अगं बाई! तुम्ही... कोण?"

"दिवा," तो म्हणाला. "तुम्हीच नेमलंत की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही हलू नकोस म्हणालात. बोललो असतो तर हात हलला असता."

तिला हसू आवरेना. त्याची लुगांडा भाषा अडखळत चालायची, उत्तरेकडच्या गुलूची चाल तिच्यात स्पष्ट ऐकू यायची. नाव ओचिती. मित्यानाजवळच्या मुलींच्या निवासी शाळेत तो पदार्थविज्ञान शिकवायचा. शाळेला बावीस लॅपटॉप घ्यायचे होते आणि मुख्याध्यापिका सिस्टर परपेतुआंनी चौकशीला त्याला धाडलं होतं. खिशातून त्यानं कागद काढला. त्यावर एकच ओळ होती – स्क्रीन सतरा इंची, मोठ्यात मोठा.

"सतरा इंची? मुलींना सिनेमा दाखवणार आहात?"

"मोठा म्हणजे चांगला ना?"

"एका बाकावर किती मुली बसतात?"

"दोन. दोघींपुढे एकेक लॅपटॉप."

"बाक किती रुंद?"

त्यानं डोकं खाजवलं.

"मोजून या, मास्तर. मग बोलू."

पुढच्या शनिवारी तो आला. शाळेतले चाळीसच्या चाळीस बाक मोजून, वहीत नीट उतरवून!

"अहो, बाक सगळे सारखेच आहेत. एक मोजला असता तरी चाललं असतं."

"चाललं असतं," त्यानं मान डोलावली. "पण मग इथं बसून दाखवायला एवढी पानं नसती..."

नबुकीराचे कान तापले. तिनं घाईघाईनं एक चौदा इंची लॅपटॉप पुढे ओढला. असे दोन मांडले तर मध्ये वही उघडता येते, हे तिनं समजावलं. सतरा इंचीला वीजही जास्त लागते, आणि शाळेत वीज किती वेळ असते ते तुम्हीच जाणता. मग तिनं तो पालथा केला.

"आता खरी गोष्ट. आज दोनशे छप्पन्न जीबी पुरतील. तीन वर्षांनी भरतील. मग काय कराल?"

"नवा घेऊ?"

"नाही हो! हे झाकण उघडायचं, जुनी डिस्क काढायची, मोठी बसवायची. एक लाख वीस हजार शिलिंग. खालच्या मजल्यावरच्या, काचेच्या दर्शनीच्या दुकानातला तो चकचकीत सतरा इंची पाहिलात ना? त्यात डिस्क आणि रॅम, दोन्ही बोर्डावरच पक्की डकवलेली. वाढवायची म्हटली तर अख्खा बोर्ड बदला. साडेसहा लाख!"

ती बोलत होती, तो ऐकत होता. तसं रोज कुणी ना कुणी तिच्या गाळ्यावर यायचं आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारायचं – "कारागीर कुठाय?" यानं एकदाही विचारलं नव्हतं.

मग शनिवारामागून शनिवार तो येत गेला. कधी कीबोर्डबद्दल शंका, कधी बॅटरीबद्दल. येताना दोन रोलेक्स आणायचा. रोलेक्स म्हणजे चपातीत गुंडाळलेलं गरम ऑम्लेट; तिच्या वाट्याच्यात मिरची जास्त. शंका पाच मिनिटांत फिटायची, गप्पा मात्र... पाऊस थांबून रस्ते वाळले तरी चालायच्या.

हे खालच्या काचेच्या दुकानाचा मालक कागिमु जिन्यातून पाहत होता. शाळेच्या बावीस लॅपटॉपांवर त्याचाही डोळा होता. एके दिवशी तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "मास्तर स्क्रीन बघतात की स्क्रीनमागची पोरगी? शाळेला कळवायला हवं!"

आर्केडमध्ये हशा पिकला. ओचितीचा चेहरा उतरला.

"मी आता येणार नाही," तो हळूच म्हणाला. "कुणाचे लॅपटॉप घ्यायचे ते शाळा ठरवेपर्यंत. नाहीतर तुम्ही जिंकलात तरी लोक म्हणतील, मास्तरनं जिंकवलं. आणि तुम्ही तर... स्वतःच्या जोरावर जिंकणार आहात."

"आणि हरले तर?"

त्यानं वही काखेत मारली. जिना उतरून गेला.

तीन शनिवार कोरडे गेले. चौथ्या आठवड्यात शाळेचं बोलावणं आलं, दोघांनाही – तिला आणि कागिमुला. मांडीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन, टॅक्सी म्हणवणाऱ्या मिनीबसमध्ये चौदा माणसांत चेपून ती मित्यानाला पोचली. सभागृहात समिती बसली होती. मधोमध साठीच्या, ठेंगण्या, करड्या नजरेच्या सिस्टर परपेतुआ. ओचिती उठला.

"सिस्टर, माझं मत यात धरू नका. मी बाहेर थांबतो."

नबुकीराकडे न बघताच तो गेला. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला.

कागिमुनं सतरा इंचीवर झगमगत्या धबधब्याचा व्हिडिओ लावला. समितीतले दोघं पुढे झुकले. नबुकीरानं बोलायच्या आधी वर्गातला एक बाक आणवला आणि त्यावर कागिमुचेच दोन लॅपटॉप शेजारी मांडले. मग म्हणाली, "सिस्टर, आता इथं वही ठेवा."

सिस्टरनी वही सरकवून पाहिली. ती खाली पडली.

"तीन वर्षांनी जागा भरली तर?" सिस्टरनी विचारलं.

"भरणारच नाही हो!" कागिमु हसला.

"आमच्या मुली भरतील. मग खर्च किती?"

त्याला आकडा सांगावा लागला. सभागृहात चुळबुळ झाली.

"माझ्यात एक लाख वीस हजार," नबुकीरा म्हणाली. "आणि डिस्क बदलायला मला बोलवायचीही गरज नाही. तुम्हीच बदलाल."

"मी?"

नबुकीरानं स्क्रूड्रायव्हर आणि एक मोठी डिस्क पुढे ठेवली.

सिस्टरनी बाह्या सरसावल्या. शाळेचा जनरेटर गेली वीस वर्षं त्याच दुरुस्त करत होत्या, हे बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हतं! झाकण निघालं, डिस्क निघाली, मोठी बसली, झाकण लागलं. बटण दाबताच स्क्रीन उजळला. साडेचार मिनिटं!

"अरे वा!" सिस्टर लहान मुलीसारख्या हसल्या. "हे मी दहावीच्या मुलींनाही शिकवीन. बावीस घ्या. हेच."

विरोधात एकही हात वर झाला नाही. कागिमु धबधबा बंद करून, पिशवी आवळून निघून गेला.

नबुकीरा बाहेर आली तेव्हा फणसाच्या झाडाखाली ओचिती पाठमोरा उभा होता.

"मास्तर."

तो वळला. तिचा चेहरा पाहताच त्याला विचारावं लागलं नाही.

"जिंकलीस!" तो ओरडला – आणि जीभ चावली. "म्हणजे... जिंकलात."

"पहिलं म्हणालास तेच राहू दे."

त्यानं मोठा श्वास घेतला. "नबुकीरा, मला कीबोर्डबद्दल कधीच शंका नव्हती. बॅटरीबद्दलही नाही. मला फक्त तू... तुझ्याबरोबर राहायचंय. आयुष्यभर."

वारा पानांतून गेला. तिच्या ओठांवरचं हसू काही लपेना.

"मग माझ्या आत्याकडे यावं लागेल. आमच्याकडे आत्यानं पसंत केल्याशिवाय मुलगा दारात उभा राहत नाही. आणि आत्या... तासभर नुसते प्रश्न विचारते."

"मी शिक्षक आहे. उत्तरं देईन. कधी येऊ?"

"रविवारी."

त्यानं तिचा हात हातात घेतला. तेवढ्यात वर्गांच्या खिडक्यांतून मुलींनी असा काही जल्लोष केला, की सिस्टर धावतच पायऱ्यांवर आल्या.

"काय गोंधळ आहे हा?"

ओचितीनं हात सोडवू पाहिला. नबुकीरानं तो घट्ट धरला आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सिस्टर, रविवारी मास्तरांना सुट्टी हवी. मी त्यांना घरी नेतेय!"