चाळिशीचा नंबर

सोनोग्राफीचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून चष्मेवाली दवाखान्याच्या बाकावर ताटकळत बसली होती. मशीन दुरुस्त करायला आलेला कारागीर समोरच उभा राहून कसलंसं माहितीपत्रक वाचत होता, हात लांब करून. आणखी लांब… आणखी.

"हात पुरेनासा झाला की माझ्या दुकानात या," ती न राहवून म्हणाली. "चाळिशी लागलीय तुम्हाला."

"चष्म्याची की वयाची?"

"चष्म्याची. वयाची मला लागलीय, म्हणून तर इथे बसलेय."

चौथ्या दिवशी तो खरंच दुकानात आला. तिने फ्रेम चढवून कानामागे बोटांनी नीट बसवली, तर अक्षरं वाचता वाचता तो मध्येच अडला. पुढे दर आठवड्याला येऊ लागला.

"स्क्रू सैल झालाय."

"चष्म्याचा की तुमचा?"

"दोन्ही तपासा."

एकदा तिने सरळ सांगून टाकलं. वय एक्केचाळीस. आधी बाबांचं आजारपण, मग दुकान, लग्न राहूनच गेलं. "डॉक्टर म्हणाल्या, स्त्रीबीजं थोडीच उरलीत. ती काढून गोठवून ठेवायचं ठरवलंय. आई म्हणते, आधी नवरा, मग मूल. म्हटलं, नवऱ्याची वाट बघत बसले तर दोन्ही हातचे जायचे."

त्यानंतर तो दोन आठवडे फिरकला नाही. आपण काही वाट बघत नाही, असं ती स्वतःला बजावत होती. पण दार वाजलं की मान वर होत होती.

मग आला, आणि उभ्याउभ्याच बोलला. "माझं लग्न मोडलं ते मूल होईना म्हणून. दोष माझ्यात होता. शुक्राणू कमी… आणि तुम्हाला मूल हवंय."

"कमी की शून्य?"

"कमी."

"मग माझ्यासारखंच की! एवढं सांगायला दोन आठवडे?"

डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "जमू शकेल, खात्री नाही. पण उशीर नको." लग्न पुढच्या महिन्यात ठरलं. बीजं काढायचं मात्र लांबवता येत नव्हतं. तीन निघाली. प्रयोगशाळेत त्याच्या शुक्राणूंशी त्यांचं फलन केलं, पण तिन्ही गर्भ पाच दिवसांत वाढायचे थांबले.

दवाखान्याचा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. तिने त्याचा नंबर नीट काढून दिला आणि मग शटर अर्ध्यावर ओढलं. संध्याकाळी तो वाकून आत आला.

"लग्नाचा पुन्हा विचार करा," ती म्हणाली. "माझ्याकडून काही होईल असं दिसत नाही."

"मी मूल मागायला आलो होतो का?"

"मग कशाला आला होता?"

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "मूल आलं तर त्यालाही सांगेन — बाबा रे, तुझ्या आईच्या मागे तुझा नंबर."

दिवसभर न आलेलं रडू तिला आत्ता आलं… आणि त्यातच हसूही.

"आता हे अहो-जाहो पुरे," नाक पुसत ती म्हणाली.

"आधी तू म्हण."

"तू."

ठरल्याप्रमाणे मंगळवारी त्यांनी नोंदणी कार्यालयात सह्या केल्या. गुरुवारी दुसऱ्या खेपेची इंजेक्शनं सुरू झाली. त्या आठवड्यात दुकान दोन दिवस बंद होतं. पुढच्या वर्षी मात्र ते बाळंतपणासाठी सलग तीन महिने बंद राहिलं.