साठ किलो जास्त

बसा. लाईट यायला अजून तासभर आहे, तोवर ही मेणबत्ती पुरेल. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गाड्यांवर लिहिणं मी एकाएकी का सोडलं, हे मी घरातही कुणाला नीट सांगितलेलं नाही.

२००४ सालचा डिसेंबर. मी नुकताच एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत राहायला आलो होतो. नोकरी अंधेरीला, ड्रॉइंग ऑफिसात, पण जीव सगळा गाड्यांत. मोटारींच्या एका मासिकात दर महिन्याला लिहायचो. त्या महिन्याचा विषय मीच सुचवला होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची धिप्पाड अमेरिकन गाडी आणि आजची टर्बोवाली नवी गाडी, दोघींना समोरासमोर उभं करायचं आणि बघायचं, दम कुणात जास्त. नवी गाडी मासिकाने दोन दिवसांसाठी मिळवून दिली. चंदेरी, चार दारांची, इंजिन जेमतेम दोन लिटरचं, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. जुनी मात्र आमच्या भागात एकच होती, ऑगस्टीन अंकलकडे.

अंकल पापडी गावाच्या पुढे केळीच्या वाडीत एकटेच राहायचे. बहारीनला वीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली आणि १९९० साली कायमचे परतले ते ही गाडी जहाजातून घेऊनच. १९७०चं मॉडेल, काळपट हिरवी, दोन दारं, आठ सिलिंडर, पावणेसहा लिटरचं इंजिन, आणि स्टिअरिंग डाव्या हाताला. गावातली माणसं तिला रणगाडा म्हणायची. मी चार वेळा विचारायला गेलो आणि चारही वेळा अंकल नाही म्हणाले. पाचव्यांदा नवी गाडी घेऊनच गेलो, तेव्हा ते ओट्यावर बसून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"लवकर पळते?"

"शून्य ते शंभर सात सेकंदांत, अंकल."

"थांबतेपण लवकर?"

"थांबते ना."

"आणि शेजारची सीट? रिकामी असेल?"

"मी एकटाच येणार."

"मग रविवारी ये, उमंग. सकाळी चर्चमधली मिसा झाल्यावर नाही, संध्याकाळी."

मला आनंदात काही खटकलं नाही.

रविवारी पाचच्या सुमाराला आम्ही दोन गाड्या घेऊन हायवेला चिंचोटीच्या फाट्यावर पोचलो. तिथे खडीच्या ट्रकांसाठी एक वजनकाटा होता. लेखात दोन्ही गाड्यांची खरी वजनं हवी होती. काट्यावरचे हरिभाऊ माझ्या ओळखीचे. आधी नवी चढवली आणि मी उतरलो. तेराशे चाळीस. कंपनीच्या पुस्तकात होतं तेवढंच. मग अंकलनी जुनी चढवली. तेही उतरले.

"सोळाशे वीस," हरिभाऊंनी खिडकीतून सांगितलं.

पुस्तकात पंधराशे साठ होतं. साठ किलो जास्त. मी डिकी उघडून बघितली, रिकामी होती. मागच्या सीटखाली हात घालून बघितला. पेट्रोलचं म्हणावं तर टाकी पाव भरलेली.

"जुनी गाडी आहे, गंजबिंज असेल," मी म्हणालो.

"गंजाने वजन कमी होतं, पोरा," अंकल हळूच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

शर्यतीची जागा त्यांनीच सुचवली होती. चिंचोटीहून कामणकडे जाताना एका बंद पडलेल्या कारखान्याचा खासगी रस्ता लागायचा. पाऊण किलोमीटर सरळ, दोन्ही बाजूंना वाळलेलं उंच गवत, पलीकडे डोंगर. सूर्य डोंगरामागे गेला होता, वर उजेड होता पण रस्त्यावर सावली. गवताचा आणि कुठेतरी पेटवलेल्या पालापाचोळ्याचा वास येत होता. मी दोन्ही गाड्यांचे फोटो काढून घेतले. मग अंकलनी मला हाताने दाखवलं, तू उजवीकडे उभी कर.

मी केली. त्यांची गाडी माझ्या डाव्या हाताला. आता नीट लक्षात घ्या. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे, माझं उजवीकडे. त्यामुळे आम्ही दोघं दोन टोकांना होतो आणि मधे दोन रिकाम्या सीट होत्या, खिडकीला खिडकी लावून.

"तुझी डावीकडची काच खाली घे," अंकल ओरडले. त्यांची आधीच खाली होती.

"कशाला? वाऱ्याने वेग कमी होतो."

"घे खाली. शंभरला माझ्या बरोबरीने चल. पुढे जाऊ नको. मी हात दाखवला की मग जा."

मी काच खाली घेतली. त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली. मला वाटलं, म्हातारा घाबरलाय.

निघालो. त्यांच्या इंजिनाचा आवाज छातीत घुमत होता, जमिनीतून वर आल्यासारखा. माझी शीळ घालत पळत होती. ऐंशी, नव्वद, शंभर. दोन्ही गाड्या इतक्या जवळ की हात लांबवला तर पोचेल. आणि तेव्हा माझी गाडी डाव्या बाजूला बसली. खड्ड्यात बसते तशी नाही. उभ्या गाडीत जड माणूस बसला की ती कशी दबते, तशी. स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढलं गेलं. त्याच क्षणी अंकलची गाडी उजव्या बाजूने वर उचलल्यासारखी झाली. अंकलनी हात दाखवला. मी पाय दाबला, पुढे निघून गेलो आणि रस्त्याच्या टोकाला थांबलो.

गाडीत एक बारीक घंटी वाजत होती.

त्या नव्या गाडीला एक सोय होती. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, तर घंटी वाजायची. सीट रिकामी असली की गप्प. मी सीटकडे बघितलं. काही नव्हतं. सीटवर हाताने थापट्या मारल्या, वाटलं, तार ढिली झाली असेल. कापड गार होतं, ओलसर. घंटी चालूच. शेवटी ती बंद पडावी म्हणून मी पट्टा ओढून खाचेत अडकवला. घंटी थांबली.

पण पट्टा सीटला चिकटून बसला नाही. पाठीपासून वीतभर पुढे, फुगवटा घेऊन, ताठ उभा राहिला. मधे हवा. मी बोट लावलं. तो हळूच पुढे आला… मग मागे गेला. पुन्हा पुढे.

मी गाडीतून बाहेर पडलो तेव्हा अंकलची गाडी थांबली नव्हती. ते वळून फाट्याकडे निघाले होते. माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. पुन्हा आत बसलो, नजर समोर ठेवली आणि त्यांच्या मागे गेलो.

अंकल वजनकाट्यावरच थांबले होते. गाडी काट्यावर, ते खाली उभे. हरिभाऊ खिडकीतून सांगत होते, "पंधराशे साठ. मघाशी काटा चुकला वाटतं."

मी माझी गाडी चढवली. उतरलो.

"चौदाशे," हरिभाऊ म्हणाले. मग हसून, "साहेब, पाहुण्यांनाही उतरवा ना. एकट्या गाडीचं वजन हवंय ना तुम्हाला?"

"कोणी नाहीये, हरिभाऊ."

ते खिडकीतून वाकले, गाडीकडे बघितलं, परत आकड्याकडे बघितलं. त्यांनी खिडकीची काच लावून घेतली.

मी अंकलचा दंड धरला. "काय आहे हे?"

ते रडत होते. आवाज न करता, नुसतं पाणी वाहत होतं.

"चौदा वर्षं झाली," ते म्हणाले. "याच कामणच्या रस्त्यावर. तो सायकलवर होता, वीटभट्टीवरचा. माझ्या गाडीने उडवला. मी उचलून शेजारी बसवला त्याला, देवाशपथ बसवला. दवाखान्यात न्यायलाच निघालो होतो. पण वाटेत पोलिसांची गाडी दिसली. माझ्याकडे इथलं लायसन नव्हतं. मी वळवली. म्हटलं, दुसऱ्या रस्त्याने जाऊ. मग तिकडूनही वळवली…"

"मग?"

"फिरवत राहिलो. एवढी ताकदीची गाडी, उमंग. दहा मिनिटांत पोचली असती. तो विचारत होता, आजून किती लांब हाय? मी म्हणायचो, आलं. आणि वळवायचो. मग त्याने विचारणं बंद केलं. मी त्याला कामणच्या पुढे रस्त्याकडेला ठेवला."

"आणि तेव्हापासून…"

"तेव्हापासून बसलाय. फादरकडे कुमसारात, पापाच्या कबुलीत, सांगितलं. गाडीवर तीर्थ शिंपडलं. दवाखान्याच्या दारापर्यंत नेली, एकदा नाही, वीसदा. दार उघडून उभा राहिलो. उतरत नाही. माझ्या हातून उतरत नाही तो." त्यांनी माझ्या दोन्ही हातांना हात लावले. "तुझी लवकर पोचेल. म्हणून तो आला. बघ, आपणहून आला. तू ने त्याला, पोरा. तुझ्यावर त्याचा काही राग नाही."

मी त्यांना काय काय बोललो ते आठवत नाही. पण बोलून होईपर्यंत ते गाडीत बसले होते. ती हिरवी गाडी दोन्ही बाजूंनी सारखी, हलकी, हायवेला लागली आणि ट्रकांत दिसेनाशी झाली.

गाडी तिथे सोडून पळता आलं असतं. मासिकाची होती, माझी नव्हती. पण पट्टा अजून हलत होता, पुढे, मागे, आणि मला वाटलं, हा माणूस अजून श्वास घेतोय. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

अंधार पडला होता. माणिकपूरच्या दवाखान्याकडे जायला सातिवलीच्या फाट्याने आत वळलो. काच खाली राहिली होती तरी आत वास साचला होता, विटांच्या ओल्या मातीचा आणि लोखंडाचा. गोखिवऱ्याला गर्दीत अडकलो. समोर रिक्षा, भाजीवाले, दिवे, माणसं. एवढ्या माणसांत भीती कमी व्हायला हवी होती. तेवढ्यात डाव्या कानाजवळ, अगदी हळू…

"आजून किती लांब हाय?"

मी समोरच्या रिक्षाच्या लाल दिव्यावर नजर खिळवून ठेवली.

"पानी…"

"आलं," मी म्हणालो. आणि लगेच जीभ चावली, कारण अंकलही त्याला हेच म्हणत राहिले होते. "नाही, खरंच आलं. मी वळवणार नाही. तो पूल दिसतो ना, त्याच्या पलीकडे."

पुढे तो काही बोलला नाही. मी हॉर्नवर हात ठेवूनच रेल्वेचा पूल ओलांडला. माणिकपूरच्या चर्चकडून सातची आंजेलसची, संध्याकाळच्या प्रार्थनेची, घंटा ऐकू येत होती. त्या बाजूला तेव्हा एक लहानसं नर्सिंग होम होतं, आता तिथे दुकानं आहेत. मी गाडी थेट दाराला लावली. धावत डाव्या बाजूला गेलो, दार उघडलं, पट्ट्याचं बटण दाबलं.

पट्टा सरकन आत गेला. मग गाडी हळूच डाव्या बाजूने वर आली. मी डोळ्यांनी बघितलं. पायरीवरच्या लादीवर काही उमटलं नाही, पण दाराचा पडदा आत ढकलला गेला आणि पुन्हा लोंबत राहिला.

एक नर्स बाहेर आली. छातीवरच्या पट्टीवर ॲनी असं नाव होतं. "पेशंट?"

"आत गेला," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघून आत वळली. मी गाडीत बसलो. दहा-पंधरा मिनिटं तसाच बसून राहिलो, स्टिअरिंगवर डोकं टेकून. रडलोसुद्धा. सीट कोरडी होती. घंटी वाजत नव्हती. मग शांतपणे घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी परत करून आलो. अंकलना फोन केला, एवढंच म्हणालो, "उतरला." पलीकडून त्यांचा हुंदका ऐकू आला आणि फोन बंद झाला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट वाटलं, चला, एक काम नीट झालं.

तरी संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाताना पाय त्या नर्सिंग होमकडेच वळले. नुसतं बघावं म्हणून. ॲनी सिस्टर टेबलाशी होत्या. मला बघताच त्यांनी एक मोठं रजिस्टर ओढलं.

"बरं झालं आलात. काल तुमची सही राहिली."

त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. पुरुष, वय अंदाजे चाळीस, वाहन अपघात. दाखल सात वाजून दहा मिनिटं. त्याखाली, रुग्ण स्वेच्छेने परत, सात पंचवीस. सोबत नेणारे… आणि पुढे माझं नाव. आडनावासकट.

मी त्यांना माझं नाव सांगितलं नव्हतं.

"हे… हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांनीच की. पाणी प्यायले आणि म्हणाले, माझा माणूस बाहेर थांबलाय. तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होतात, म्हणून हाक नाही मारली." सिस्टरनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. "पुढे नको म्हणाले, मागे बसतो. मी स्वतः दार लावलं."