डाव्या मडगार्डवरची वीण

लेआर्को मोंतोर्सीचा एक नेम होता. कागदपत्रं नंतर, आधी गाडीचा नंबर. चासीच्या पट्टीवर ठोकलेल्या आकड्यांवर तो पातळ कागद दाबून धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी करून घासायचा. आकडे उमटले की म्हणायचा, "हं, आता बोला बाई." मालक खोटं बोलतात, कागदही बोलतात, पत्र्याला मात्र खोटं जमत नाही, असं त्याचं म्हणणं. इटलीत मोदेना भागातल्या निम्म्या जुन्या शर्यतीच्या गाड्यांचा इतिहास त्याच्या हातचा होता. कोणी घेतली, कोणाला विकली, कुठल्या शर्यतीत कितवी आली, सगळं. खाली त्याची सही दिसली की गिऱ्हाईक पुढं काही विचारत नसे.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात, सोमवारी, फोर्मीजिनेच्या शेडमध्ये जी लाल बेल्लोदी आली ती त्याच्या ओळखीची होती. बेल्लोदी बंधूंनी अकराच गाड्या बनवल्या, त्यातली ही सातवी. नऊ वर्षांपूर्वी हिची फाईल त्यानंच लिहिली होती. आता झुरिकचा कुणी तिला घेत होता आणि त्याला शुक्रवारपर्यंत नवी फाईल हवी होती. जुनीच पुन्हा टाईप करायची, दोन तासांचं काम.

पहिला मालक फाल्केत्ती, प्रातोचा कापडवाला, स्वतः चालवायचा. मग पार्माचा एक दातांचा डॉक्टर. मग एक विधवा, जिनं गाडी बारा वर्षं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभी ठेवली. पाच शर्यती, त्यात एक पहिला नंबर. शेवटची शर्यत मे पंचावन्नची, डोंगरातली. तिच्यापुढं लिहिलं होतं, 'माघार. कारण गिअरबॉक्स.'

गिअरबॉक्स धडधाकट होता. हे सांगू शकेल असा आता एकटा लेआर्कोच उरला होता.

नंबर घासून झाल्यावर त्यानं सवयीनं डोळे मिटले आणि पत्र्यावरून तळहात फिरवला. तो मूळचा पत्रा ठोकणारा. पोचा डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळतो. दार ठीक, बॉनेट ठीक. डाव्या मडगार्डवर, दिव्याच्या मागं, हात खाली गेला. चांगला बशीएवढा खळगा होता.

त्यानं डोळे उघडले. पत्रा आरशासारखा गुळगुळीत होता.

"ग्वाल्तिएरो! इकडं ये जरा."

ग्वाल्तिएरो हा शेडचा मालक, चाळीस वर्षांचा दोस्त. त्यानं हात पुसून मडगार्डवर फिरवला, दोनदा फिरवला. "काय आहे इथं? लोण्यासारखा तर आहे."

"खळगा लागत नाही?"

"खळगा तुझ्या डोक्यात, लेका. त्रेसष्ट वर्षांचा झालास, हात म्हातारे झाले तुझे. चल, कॉफी पाजतो."

लेआर्को हसला, पण कॉफी त्याला गेली नाही. तो मडगार्ड त्यानंच ठोकून सरळ केला होता. एकेचाळीस वर्षांपूर्वी, नेमका तिथंच, नेमका तेवढाच खळगा.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेआर्को कामाला होता त्या वर्कशॉपात गाडी ताडपत्रीखाली झाकून आली होती. वर्कशॉपचा मालक म्हणाला, "ठोक, रंग दे, आणि तोंड बंद." दिव्याच्या कड्यात पिवळ्या लोकरीचा लांबच लांब धागा गुंडाळून बसला होता. त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी होती. डोंगरातल्या वळणावर नऊ वर्षांची निवेस कावाझुती ठार. धुरळ्यात एका मिनिटात तीन लाल गाड्या गेल्या, कुणाचाच नंबर कुणाला दिसला नाही. लेआर्कोनं बातमी वाचली आणि हातोडा उचलला. धागा ओढून काढला, अर्धा भट्टीत टाकला. उरलेला का कोण जाणे टाकवेना. तो पेपरमिंटच्या डबीत गेला आणि डबी त्याच्या खणात. तेव्हापासून ती त्यानं उघडली नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं तर माणूस स्वतःची समजूत काढू शकला असता. बावीस वर्षांचा होतो, पोटाचा प्रश्न होता, वगैरे. पण सत्त्याऐंशी साली निवेसची थोरली बहीण एबे कार्पीहून त्याच्याकडे आली होती. म्हणाली, "उस्ताद, तुम्हाला सगळ्या गाड्या ठाऊक. आम्हाला कुणाला तुरुंगात नाही घालायचं. आई म्हातारी झालीय. कुठली गाडी होती तेवढं तिला कळू दे." लेआर्कोसमोर टेबलावर याच बेल्लोदीची फाईल उघडी पडली होती. 'गिअरबॉक्स' हा शब्द टाईप करून तास झाला नव्हता. तुम्हाला कसं ठाऊक, हा पुढचा प्रश्न त्याला दिसत होता. तो म्हणाला, "नाही सांगता यायचं, बाई." चार वर्षांनी आई गेली.

दुपारी त्यानं शेडचं दार लोटून घेतलं आणि मडगार्डवर कागद लावला. हाताला लागतं ते कागदावर आलंच पाहिजे. नाही आलं, तर हात म्हातारा झाला म्हणायचं आणि सुटायचं. पेन्सिल फिरली. कागद सपाट करडा होत गेला, आणि वरच्या कडेला दोन बोटं रुंदीचं काहीतरी उमटलं.

टाके होते. लोकरीच्या विणकामाचे, एकापुढं एक, ओळीनं.

मंगळवारी त्याच जागी त्यानं पुन्हा कागद लावला. आता वीण चार बोटं झाली होती आणि तिच्यात मधोमध एक वेणी दिसत होती. दोन पदर एकमेकांवरून गेलेले, अगदी सुबक. ग्वाल्तिएरो मागं येऊन उभा राहिला. "हे कशाचं घासलंस? बायकोचा स्वेटर?"

"बायको जाऊन सहा वर्षं झाली."

"मग कशाचं?"

"मडगार्डचं."

ग्वाल्तिएरोनं कागद हातात घेतला, गाडीकडे पाहिलं, कागद परत दिला. "शुक्रवारी ही जाऊ दे इथून," एवढंच म्हणाला. त्या दिवसानंतर तो गाडीच्या डाव्या बाजूनं गेला नाही.

बुधवारी लेआर्कोनं फाईल टाईप केली. मालकांची नावं झाली, शर्यती झाल्या. मे पंचावन्नशी आला, आणि बोटांनी आपसूक 'गिअरबॉक्स' लिहिलं. स्वतःची इतकी किळस त्याला आयुष्यात आली नव्हती. तो उठला, शेडमध्ये गेला आणि तिसरा कागद घासला. वीण वीतभर झाली होती, खाली निमुळती होत चाललेली. बाही होती ती. लहान पोराची.

त्यानं सही केली नाही. गुरुवारी सकाळी तिन्ही कागद आणि न उघडलेली डबी घेऊन तो कार्पीला गेला.

एबे स्वयंपाकघरात होती. ओट्यावर कणीक लाटलेली, सारण भरून बोटांनी एकेक तोर्तेल्लीनो मुडपत होती. तिनं त्याला ओळखलं, पण बसा म्हणाली नाही. तो उभ्यानंच बोलला. गाडी, फाल्केत्ती, ताडपत्री, धागा, हातोडा, गिअरबॉक्स. कुठंही स्वतःला वाचवलं नाही. एबेचे हात थांबले नाहीत.

शेवटी ती म्हणाली, "तेव्हा आई जिवंत होती."

"हो."

"मी घरी आले तेव्हा ती दारात उभी होती, उस्ताद. काय म्हणाले, विचारत होती."

"मी फाईलमध्ये सगळं लिहितो. निवेसचं नाव, तारीख, माझं नावसुद्धा."

"लिहा की. आईला कोण वाचून दाखवणार?"

त्यानं कागद टेबलावर ठेवले. एबेनं पीठ झटकलं आणि चष्मा लावला. कार्पी विणकामाचं गाव, तिथल्या बाईला वीण वाचायला शिकवावं लागत नाही. ती बोट टेकवून ओळी मोजत गेली, आणि वेणीपाशी थबकली.

"हे कशावरून घेतलंत?"

"मडगार्डवरून. दिव्याच्या मागं."

"ही ती बाही नाही."

"म्हणजे?"

"आई घरी मशिनवर कारखान्याचं काम करायची, रोजचे दहा दहा स्वेटर. आमचे उरल्या वेळात व्हायचे, घाईत. निवेसच्या डाव्या बाहीची वेणी उलटी वळली होती. रविवारी उसवून नीट करते म्हणाली. रविवारी आम्ही मामाकडे डोंगरात गेलो." एबेचा आवाज खाली आला. "निवेसला घरी आणली तेव्हा ती बाही कोपरापर्यंत उसवलेली होती. आई शेवटपर्यंत तेच म्हणायची, पोरीला चुकीची बाही घालून पाठवली. ही वेणी बरोबर आहे, उस्ताद. ही कुणीतरी नव्यानं विणतंय."

लेआर्कोनं डबी काढली. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, एबेनं सुरीनं उचकटलं. आत पिवळा धागा होता, जेमतेम बोटभर.

"एवढाच?"

"डबीभर होता," लेआर्को म्हणाला. त्यानं डबीत वाकून पाहिलं. "मी स्वतः ठेवलाय. डबीभर होता."

"आणि बाकीचा?"

"भट्टीत टाकला."

एबेनं पुन्हा ओळी मोजल्या. विणणाऱ्या बाईच्या साध्या, हिशेबी आवाजात म्हणाली, "मनगटापर्यंत अजून सात ओळी हव्यात. एवढ्यात व्हायच्या नाहीत. आईला लोकर कमी पडणार."

तिनं तिसरा कागद टेबलावर सपाट केला.

लेआर्कोनं डबीकडे पाहिलं. धागा बोटभर नव्हता. पेरभर होता.

मग तोही नव्हता.

त्यानं हात पुढं केला, डबी चाचपायला. मनगटाला गार लागलं. त्यानं पाहिलं. त्याच्या करड्या स्वेटरच्या बाहीची काठाची ओळ उसवली होती. एक धागा टेबलावरून गेला होता, तिसऱ्या कागदाच्या कडेपर्यंत, जिथं वीण थांबली होती. तिथं तो संपत होता. कुणी धरलेला नव्हता, तरी ताणलेला होता.

त्यानं हात मागं घ्यायला उचलला.

"हलू नका, उस्ताद," एबे हळूच म्हणाली. "तिचा टाका सुटेल."