गुडघ्याएवढ्या उंचीवरचे पंजे

बेलायोंग दोन दिवसांत परततो म्हणाला होता, त्याला आता सहा दिवस झाले होते. डोंगरावरच्या जुन्या लांबघराशी, जिथे पूर्वी सारी वस्ती एकाच छपराखाली राहायची, आजीचा रांजण पुरलेला आहे, तो घेऊनच येतो, अशी फुशारकी मारून तो गेला होता. चाळीस वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत ते लांबघर ओस पडलं. त्यानंतर त्यांच्या इबान जमातीतलं कुणी तिथे मुक्कामाला राहिलेलं नाही. सहाव्या दिवशी पहाटे त्याची थोरली बहीण लेमिया शोधायला निघाली. सोबतीला एन्तिली मामा, तोही कुरकुरत.

"तिथल्या मेलेल्यांनी त्याला ठेवून घेतलं असेल, पोरी."

"घेतलं असेल तर चार दिवसांत तेच कंटाळून परत देतील," लेमिया म्हणाली.

ओढा फुगला होता. छातीएवढं पाणी! वेताचा दोर कमरेला बांधून दोघं उतरली. मध्यावर लेमियाचा पाय सुटला. मामाने दोर ओढला. ती वाचली, भाताची पुरचुंडी गेली. पुढे जळवांनी पोटऱ्या भरल्या, चढ संपता संपेना, आणि उन्हं पार कलल्यावर कुठे ते लांबघर दिसलं. छप्पर नाही, भिंती नाहीत. काळे खांब तेवढे ओळीने उभे आणि त्यांच्यामधून माजलेल्या केळी.

"बेलायोंग!"

तिने पुन्हा हाक मारली. रान गप्पच.

संधिप्रकाशात फुलपाखरं बाहेर पडली. पिंगट, जाड अंगाची, लाल डोळ्यांची. केळफुलावर झपकन यायची, झपकन नाहीशी व्हायची.

"गेलेल्यांचे डोळे आहेत हे," मामा पुटपुटला. "चल मागे."

तेवढ्यात तिला खांबावर पंजा दिसला. पांढरा! पाचही बोटं उमटलेली. पुढच्या खांबावर आणखी एक. सगळे गुडघ्याएवढ्या उंचीवर.

लेमियाने त्यावर बोट फिरवून पाहिलं. भुकटी मेणचट होती, पावसातही न धुतलेली. ही तर तिच्या ओळखीची! परसातल्या केळींवर याच फुलपाखराच्या अळ्या पान कडेने कापून सुरळी करत, आत पांढऱ्या भुकटीत लपून खात आणि तिथेच कोष करत. सुरळ्या उलगडताना तिचे हात असेच माखत. तिने केळींकडे पाहिलं. खालच्या सगळ्या सुरळ्या उलगडून रिकाम्या केलेल्या, वरच्या तशाच लोंबत होत्या.

"मामा, कोष काढून खाल्लेत. ज्याला उभं राहता येत नाही अशा कुणीतरी."

ती पंज्यांमागे धावली. शेवटचा पंजा एका खडकावर होता आणि खडकाच्या कपारीत बेलायोंग! पाय मोडलेला, हातात उगारलेला कोयता.

"पुढे येऊ नकोस," तो म्हणाला. "तीन दिवस हाका मारते आहेस. रानातल्या हाकेला मी ओ देणार नाही."

"अरे, मी आत्ता पोचले."

"कालही हेच म्हणालीस. उशाशी बसून किती मायेने बोलत होतीस."

लेमिया आधी दचकली, मग संतापली.

"मायेने? मी? गाढवा, तिकडे आईने सहा दिवस अन्नाला हात लावला नाही आणि तू इथे अळ्या गिळत बसलास! एक थोबाडीत दिली म्हणजे कळेल कोण आहे ते."

खऱ्या बहिणीच्या या शिव्या ओळखून त्याने कोयता खाली केला. बेलायोंग लहान मुलासारखा रडू लागला.

उकरलेला रांजण कपारीशीच होता, अगदी धड. मामाने रांजणाकडे एकदा पाहिलं, तो तिथेच सोडला, केळीच्या सोपटांनी बेलायोंगचा पाय बांधला आणि त्याला पाठीवर घेतलं. उरलेल्या उजेडात तिघं उताराने परत निघाली.

थोडं उतरल्यावर वरून हाक आली. लेमियाच्याच आवाजात, फार गोड.

लेमिया बेलायोंगच्या कानाशी तोंड नेऊन शिव्या देऊ लागली. त्याच्या आळसाला, अकलेला, बापजन्मात न फेडलेल्या उपकारांना. घसा बसला तरी ती थांबली नाही. ती जरा गप्प झाली की तो मान वळवून मागे बघायचा.