दोन नंबरचा खेळाडू

त्या रविवारी गौतमी सणसवाडीहून राहू गावी, आपल्या घरी आली, ती काखेत एक खोकं घेऊनच. कंपनीत तिच्याच लाइनवर असलेली सृष्टी लग्न करून नाशिकला निघाली होती. जाताना आपला व्हिडिओ गेमचा संच, दोन बिनवायरच्या कंट्रोलरांसकट, तिने गौतमीच्या हवाली केला होता.

गौतमीला तो हवा होता आप्पांसाठी. चार महिन्यांपूर्वी तिच्या वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पंचवीस वर्षं उसाचा ट्रक चालवलेला माणूस. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजव्या हाताची बोटं काही हलेनात. "वापरली नाहीत तर ती कायमची विसरतील," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आप्पांनी मात्र व्यायामाचा रबरी चेंडू दोनदा अंगणात भिरकावला होता.

"मी काय कुत्रं हाय व्हय, चेंडू खेळायला?"

गाड्यांची शर्यत म्हटल्यावर मात्र ते पलंगावरून उठून खुर्चीत येऊन बसले.

दुपारची जेवणं झाली होती. टीव्हीवर ऊन येत होतं म्हणून तिच्या आईने, सिंधूबाईंनी, खिडकीवर चादर टाकली. खोली एकदम अंधारली, आणि शेतात पेटवलेल्या उसाच्या पाचटाचा जळका वास आत कोंडून राहिला. फक्त पंखा कुरकुरत होता.

जोडणी सोपी होती. संचावरचं बटण दाबून धरायचं, मग कंट्रोलरवरचं. कंट्रोलरवर ओळीने चार बारीक दिवे होते. ते लुकलुकायचे आणि जोडणी झाली की ज्याचा जो नंबर, तेवढा एकच पेटून राहायचा. आप्पांचा पहिला दिवा पेटला. गौतमीने आपला कंट्रोलर हातात धरला. दिवे लुकलुकले, बराच वेळ लुकलुकले... आणि तिसरा पेटला.

पडद्यावर अक्षरं उमटली. खेळाडू एक, तयार. खेळाडू दोन, तयार. खेळाडू तीन, तयार.

"दोन कोण?" आप्पांनी विचारलं.

"शेजारच्या कुणाचा तरी लागला असंल," सिंधूबाई म्हणाल्या.

"आई, शेजार कुठाय? कालव्याच्या अलीकडं आपलं एकच घर."

गौतमीने सगळ्या जोडण्या पुसून टाकल्या. दोन्ही कंट्रोलरांचे सेल काढून टेबलावर मांडले. पडद्यावरून एक गेला, तीन गेला.

खेळाडू दोन, तयार.

तिने संचाच्या बटणाकडे हात नेला. "आप्पा... बंद करते मी हे."

"का गं? बसू दे की त्याला. दोघांपरीस तिघं बरी. घाल ते सेल!"

आप्पांचा उत्साह मोडवेना. तिने सेल घातले, दोन्ही कंट्रोलर पुन्हा जोडले. शर्यत सुरू झाली. आप्पांची गाडी लाल, तिची पिवळी, आणि मधली निळी. पहिल्याच वळणावर आप्पा रस्ता सोडून शेतात शिरले. गौतमी हसली, आणि हसता हसता गप्प झाली. पुढे निघून गेलेली निळी गाडी थांबली होती. ती सावकाश मागे वळली, आणि लाल गाडीच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

आप्पांच्या हातातला कंट्रोलर थरथरला. धप्प, धप्प.

"म्हाळू!" आप्पा ओरडले. "आगं, माझा क्लीनर! मागनं फळीवर एक थाप टाकली तर थांब, आन् दोन टाकल्या तर जाऊ दे! बारा वर्सं असाच मागनं थापा मारायचा."

पुन्हा धप्प, धप्प.

आणि आप्पांच्या उजव्या हाताची तर्जनी वाकली. अगदी हळू, गंजलेल्या कडीसारखी, पण वाकली, आणि बटण दाबलं गेलं. लाल गाडी शेतातून रस्त्यावर आली.

सिंधूबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, आणि रडता रडताच म्हणाल्या, "हळू चालवा की वो जरा!"

पाच शर्यती झाल्या. पाचव्या वेळी आप्पा पहिले आले. निळी गाडी दर वेळी त्यांच्या मागे, थोडं अंतर राखून. सिंधूबाईंनी त्या आनंदात शेंगदाण्याचे लाडू काढले. लाडू खाताना गौतमीने हळूच विचारलं, "आप्पा, म्हाळूकाका... कधी वारले?"

आप्पांचा घास हातातच राहिला. "वारला? आगं, मंगळवारीच तर भेटला तुझ्या आईला. कोरेगावात असतो, ल्योकाकडं."

मग आप्पांनीच मोबाइल ओढला, त्याच बोटाने नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"म्हाळू, आरं कुठं हायस?"

"घरीच की आप्पा. आत्ता झोपून उठलोय. का वो?"

आप्पांनी सगळं सांगितलं, बोट हललं ते दोनदा सांगितलं. पलीकडून म्हाळूकाका म्हणाले, "लई झ्याक झालं बघा. मी उद्याच येतो." मग त्यांनी विचारलं, "पण पाव्हणं कोण आल्यात तुमच्यात?"

"कोण न्हाई. आमी तिघंच."

"मग मघापासनं तुमच्याजवळ हसतंय कोण...?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाच्याही ओठांवर हसू नव्हतं.

"हे काय," म्हाळूकाका म्हणाले, "आत्ता पुन्हा हसलं."