पॉइंटमधली फट

पालीच्या धरणाजवळ भुरभुर पावसात मोटार बंद पडली, तेव्हा मोहिनी बॉनेट उघडून उगाच आत डोकावत होती. मोटार तिच्या वारलेल्या बापाची, साठ वर्षांची. नवी घ्यायची ऐपत असूनही आईनं, वच्छलाबाईनं, ती मोडीत काढली नव्हती.

"त्यात बघून काई कळतंय का?" मागून आवाज आला.

"कळत असतं तर भिजत उभी राहिले असते का?"

ती वळली. बीडहून सामान घेऊन निघालेला सोमेश्वर गाडीवरून उतरत होता. तिच्याच गावचा, सिरसाळ्याचा मोटारमिस्त्री. त्यानं काळं झाकण काढलं, गमज्यानं आतली ओल टिपली, दोन बारक्या टोकांवरची काजळी घासली.

"ह्ये पॉइंट. चिकटून बसले तर ठिणगी न्हाई, लांब गेले तरी न्हाई. मधी बारीक फट लागती."

"किती बारीक?"

"आत्ता तुमी जेवढ्या लांब उभ्या हाव ना... त्याच्याहून लई कमी."

मोहिनी हसली. मागं मात्र सरकली नाही.

मग तो दर महिन्याला घरी येऊ लागला. पॉइंट घासायचा, प्लग पुसायचा, अन् मोहिनी चावीपाशी बसायची. "मोहिनी, फिरव," एवढंच म्हणायचा, पण असं म्हणायचा की तिला वाटावं, इंजिन आज सुरूच होऊ नये. वर्ष सरलं, तरी त्याच्या पुढचा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही.

वच्छलाबाईच्या नजरेतून काय सुटणार! मोहिनीला दिंद्रूडचं स्थळ ठरलं, अन् लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, त्याच सकाळी तिनं लेकीला पुढ्यात बसवलं.

"गठ्ठा सोडला न्हाई मी अजून. आज येतोय ना त्यो? माझ्याम्होरं उभं राहून तुला मागू दे, पत्रिका चुलीत घालते. पण मागायचं त्यानं. तू शिकवायचं न्हाई."

आभाळ गच्च दाटलं होतं. सोमेश्वर आला, तो खाली मान घालूनच. त्याच्या बापाची मेंढरं वच्छलाबाईच्या रानात बसायची. एक शब्द वावगा गेला, तर कळप न्यायचा कुठं?

"फट मापायची पट्टी गॅरेजात राहिली," तो म्हणाला. "जाड कागद हाय का?"

बांधल्या गठ्ठ्यातून हळूच ओढलेली एक पत्रिका मोहिनीनं ओढणीखालून काढली. "ही चालंल का बघ. अजून कुणालाच दिली न्हाई... पहिली तुलाच."

त्यानं वाचलं. तिचं नाव, शेजारी दुसऱ्याचं. हात थांबले. फाड... तिच्या मनात आलं, मधोमध फाड!

नावांना धक्का न लावता त्यानं कडेची कोरी पट्टी तेवढी फाडली. ती पॉइंटमध्ये सरकवून फट बरोबर लावली, झाकण बसवलं, अन् उरलेली पत्रिका दोन्ही हातांनी तिला परत दिली.

"सोमेश्वर... आई ओसरीवरच हाय. काई बोलायचं असलं तर—"

त्यानं ओसरीकडं पाहिलं. मग गमज्याला बोटं पुसत राहिला. बोटं स्वच्छ झाली, तरी पुसतच राहिला.

"फिरवा चावी," तो म्हणाला, "ताई."

ताई! एका शब्दात नातं लावून मोकळा झाला.

मोहिनीनं चावी फिरवली. मोटार पहिल्याच फटक्यात सुरू झाली, साधा ठसकासुद्धा दिला नाही.

"झाली का गं?" ओसरीवरून वच्छलाबाईनं विचारलं.

"झाली," मोहिनी म्हणाली. "गठ्ठा सोड, आई."