लायलची राहिलेली फेरी

लुएला स्टेमी भावाला घेऊन मोटारशर्यतीच्या मैदानावर गेली ती एक काम उरकायला. सोमवारी ते मोडायला बुलडोझर येणार होते. कॅरोलायनातल्या त्या डोंगरपायथ्याशी तिने आणि तिच्या नवऱ्याने मक्याचं शेत मोडून ही लाल मातीची धावपट्टी उभी केली होती. गावोगावच्या खांबांवर जाहिराती चिकटवल्या, चर्चच्या पायरीवर पाद्र्याचे टोमणे खाल्ले. अगदी जिवाचं रान केलं. आणि त्याच पट्टीने तिचा मुलगा लायल गिळला.

तिसऱ्या वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली, तेव्हा निशाणं दाखवायच्या मचाणावरच्या हार्लनने, म्हणजे तिच्या या भावानेच, लाल निशाण दाखवून शर्यत थांबवली. ती पुन्हा सुरू झालीच नाही. तेव्हापासून संध्याकाळी रिकाम्या मैदानात एक इंजिन जागच्या जागी घुरघुरायचं.

"लाल दिसलं की आहेस तिथे थांब, हे तूच शिकवलंस ना त्याला?" लुएला म्हणाली. "पोरगं अजून थांबलंय रे. संपव ती शर्यत. सुटू दे त्याला."

हार्लन कुरकुरत मचाणावर चढला. "लोक म्हणतील, दोघं म्हातारी चळली."

"चळायला उरलंय काय आपल्यात? शर्यत संपल्याचं ते चौकड्यांचं निशाण दाखव आणि उतर खाली."

उन्हं गेली होती. पाइनची झाडं निश्चल उभी होती. आधी जळक्या रबराचा वास आला, मग ती घुरघुर...

"लायल, बाळा... झालं हं आता."

हार्लनने हात उचलला. उभ्या आयुष्यात त्याने आधी पांढरं दाखवल्याशिवाय चौकड्यांचं निशाण कधी दाखवलं नव्हतं. हाताला तीच सवय. निशाण फडफडलं, ते पांढरं.

पांढरं म्हणजे अजून एक फेरी बाकी.

"हार्लन... काय केलंस हे?"

"हात... हातच गेला गं ताई..."

इंजिन गरजलं. पट्टीवर काहीच दिसत नव्हतं, फक्त आवाज पळत होता. ओल्या लाल मातीचे शिंतोडे लुएलाच्या तोंडावर उडाले. त्या पट्टीवर पाणी मारून कैक वर्षं लोटली होती.

"दाखव ना ते दुसरं! आत्ता दाखव!"

"शेवटच्या रेषेपाशी तर येऊ दे त्याला..." हार्लन रडत होता. चौकड्यांचं निशाण दोन्ही हातांत धरून तो नुसता उभा होता.

आवाज तिसऱ्या वळणावर पोचला आणि आदळला. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो रेषेवरून पुन्हा निघाला.

हार्लनने हाय खाल्ली, नाताळही पाहिला नाही. मैदानाच्या जागी आता मोठं गोदाम आहे, तिसरं वळण होतं तिथे त्याची कोपऱ्यातली भिंत. लुएला रोज संध्याकाळी त्याच्या आवारात घडीची खुर्ची टाकून बसते, चौकड्यांचं निशाण मांडीवर घेऊन. रेषा जिथे होती तिथून तिची नजर हलत नाही. पहारेकरी तिला हाकलत नाहीत, उलट कॉफी आणून देतात.

काल त्यांच्यातला एकजण बॅटरी घेऊन आला आणि अडखळतच म्हणाला, "आजी, कोपऱ्यातली भिंत पुन्हा चेपलीय... आणि तिथून ओल्या मातीची पावलं निघालीत."

"कुठे गेलीत?" लुएलाने विचारलं.

त्याने बॅटरीचा उजेड तिच्या पाठीमागे टाकला.

"तुमच्या खुर्चीपर्यंत आलीत... बराच वेळ थांबल्यासारखी दिसतात. मग परत भिंतीकडे गेलीत."